शक्तिपीठ महामार्ग : हरकतीत पुराच्या पाण्याचं कसं मांडू?

राम राम मंडळी. गाव मिरज तालुक्यात, मी पुण्यात नोकरीला. वर्ध्याजवळचं पवनार ते गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी, मूळ आराखड्यात ८०२ किमीच्या या रस्त्यात आमच्या शेताचा गट जाणार असं गावात बोललं जातंय. जो तो मोबदल्याचं विचारतो. माझा घोर वेगळा आहे. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या गोठ्यात कमरेएवढं पाणी होतं. आबांनी भिंतीवर गेरूनं रेघ मारून ठेवलीय. पाणी आठ दिवस हटलं नाही, ऊस कुजला. आता मधे भरावाचा रस्ता आला तर ते पाणी जाणार कुठं? आबा म्हणतात, "तोंडी सांगून काय उपयोग, साहेब बदलतो." कागदावर कसं आणू?

सिन्नरची सून
दादा, आमची जमीन समृद्धीत गेली. आधी जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देणार होते. लोक अडून बसले, तेव्हा २०१७ ला पाचपट दरानं थेट खरेदी आली. त्यामुळे बोलत राहा. आणि संयुक्त मोजणीला, म्हणजे सरकारी माणसं शेतावर येऊन जमीन, विहीर, झाडं नोंदतात तेव्हा, आबांना एकटं पाठवू नका. आमची विहीर नोंदली, जमिनीखालची पाइपलाइन राहिली. ती नोंदवून घेताना हेलपाट्यांनी जीव गेला. पंचनामा वाचल्याशिवाय सही नको.

निवृत्त, पाटबंधारे
भूसंपादनाची हरकत नोटिशीतल्या मुदतीत द्याच, पोच घ्या. पण पाण्याचा मुद्दा पर्यावरण जनसुनावणीत मांडा. केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे तिची सूचना किमान ३० दिवस आधी निघते, रस्त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्या अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत ठेवतात. गणपूर्तीची (किमान हजेरीची) अट नाही; दहा माणसं आली तरी सुनावणी झाली असंच धरतात. "नुकसान होईल" एवढंच लिहू नका. विचारा : पूररेषेतल्या लांबीत भराव किती, खांबांवरचा पूल किती, मोऱ्या किती आणि त्यांचा गाळा (पाणी जायची मोकळी जागा) केवढा? सोबत त्या रेघेचा टेप लावून फोटो, गट नंबरासह. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतात. तोवर उठू नका, आपला मुद्दा त्यात आला का ते ऐका.

मूळ प्रश्नकर्ता
काका, ताई, आभार. शनिवारी गावी गेलो. रेघ जमिनीपासून ३ फूट ४ इंच भरली. टेप धरताना तिच्या खाली २००५ ची पुसट खूण सापडली, आबाही विसरले होते. शेजारच्या चार गोठ्यांचेही फोटो घेतले. सारांश ग्रामपंचायतीत अजून आलेला नाही. दर सोमवारी जाऊन विचारायचं, असं चुलतभावाला सांगून आलोय.