नोकरीत राहून दावा करावा का?
भाऊ, ओव्हरटाइमचे कमी मिळालेले पैसे मागायला "नोकरी सुटल्यावर बघू" असा सल्ला तुम्हाला कुणी दिला, तो मला पटला नाही. वेतन संहिता, २०१९ या पगाराच्या कायद्यात दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. थांबाल तसे जुने महिने हातचे जातील. ओव्हरटाइम दुप्पट दरानं द्यावा लागतो. आमच्याकडे वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) तो साध्या दरानं, रोख, पाकिटात मिळतो आणि पगारचिठ्ठीत त्याची ओळही नसते! म्हणून हजेरीचे फोटो आत्ताच काढून ठेवा, स्वतःच्या मोबाइलवर. अनेकांचा मिळून एकच अर्ज चालतो, नोंदणीकृत युनियनही करू शकते. एकटे डोळ्यांवर येणार नाही. तरी साहेब डूख धरतील, रात्रपाळीही लावतील. घराचा हप्ता चालू असेल तर अर्जावर सहीआधी वहिनींशी बोला.