आय.एन.एस. दिल्ली आणि ‘अकिलीस’: दोन छायाचित्रांतील युद्धनौका एकच आहे का?

राजापूरकर (प्रश्न)

नमस्कार. माझे आजोबा भारतीय नौदलात होते. त्यांच्या निधनानंतर घरातील पेटीत दोन छायाचित्रे सापडली. पहिल्या छायाचित्रात एक संपूर्ण युद्धनौका बाजूने दिसते आणि त्यामागे ‘दिल्ली, मुंबई, १९५९’ असे लिहिलेले आहे. दुसऱ्यात आजोबा गणवेशात तोफांपुढे उभे आहेत. त्यामागे काहीच लिहिलेले नाही.

आय.एन.एस. दिल्ली ही पूर्वीची ब्रिटिश क्रूझर ‘अकिलीस’ असून १९३९ साली जर्मन युद्धनौका ‘ग्राफ श्पे’ हिच्याशी तिने लढाई केली होती, असे मी वाचले आहे. त्या लढाईच्या सुमारास काढलेली ‘अकिलीस’ची छायाचित्रे पाहिली, तर तिच्यावर पुढे दोन आणि मागे दोन असे चार तोफबुरूज दिसतात. आमच्या छायाचित्रातील जहाजावर मात्र पुढे दोन आणि मागे एकच बुरूज आहे. मग ही नौका तीच आहे का, की नावाचा काही घोळ झाला आहे?

दुसरी शंका अशी, की आजोबांच्या जहाजाने १९६१ मध्ये गोव्यात पोर्तुगिजांची युद्धनौका बुडवली, असे आमच्या घरात नेहमी सांगितले जाते. या गोष्टीला आधार कोठे मिळेल? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गोदीकाठ

राजापूरकर, आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर त्या नौकेच्या इतिहासातच आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने लिहितो.

‘अकिलीस’ ही लिअँडर वर्गातील हलकी क्रूझर. बर्कनहेड येथील कॅमेल लेअर्ड यांच्या कारखान्यात ती बांधली गेली, १ सप्टेंबर १९३२ रोजी तिचे जलावतरण झाले आणि १९३३ मध्ये ती ब्रिटिश नौदलात दाखल झाली. सहा इंची आठ तोफा, प्रत्येक बुरुजात दोन याप्रमाणे चार बुरुजांत बसवलेल्या होत्या. पुढून मागे मोजताना या बुरुजांना ए, बी, एक्स आणि वाय अशी अक्षरे असत. ही अक्षरे ध्यानात ठेवावीत, कारण पुढे सगळे त्यांवरच अवलंबून आहे.

१९३६ पासून ती न्यूझीलंडच्या सेवेत होती. १३ डिसेंबर १९३९ च्या सकाळी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ, प्लेट नदीच्या मुखासमोर, कमोडोर हारवुड यांच्या हाताखालील ‘एक्सेटर’, ‘एजॅक्स’ आणि ‘अकिलीस’ या तीन क्रूझरांनी ‘ग्राफ श्पे’ला गाठले. जर्मन नौकेच्या तोफा अकरा इंची होत्या, त्यामुळे सहा इंची तोफांच्या क्रूझरने तिच्या अंगावर जाणे हे मोठ्या धाडसाचे काम होते. ‘एक्सेटर’ची जबर हानी होऊन तिला फॉकलंड बेटांकडे जावे लागले, ‘एजॅक्स’ आणि तिची भगिनी ‘अकिलीस’ यांनी पाठलाग सोडला नाही. गोळ्यांच्या उडालेल्या तुकड्यांनी ‘अकिलीस’वरील चार जण मृत्युमुखी पडले आणि तिचे कप्तान एडवर्ड पॅरी पायांना जखमी झाले. ‘ग्राफ श्पे’ माँटेव्हिडिओ बंदरात शिरली आणि १७ डिसेंबरला तिच्या कप्तानाने बाहेर समुद्रात नेऊन ती स्वतःच उद्ध्वस्त केली.

आपल्या छायाचित्रात जो बुरूज दिसत नाही, तो यानंतर तीन वर्षांनी गेला. ५ जानेवारी १९४३ रोजी सॉलोमन बेटांच्या परिसरात जपानी विमानांनी टाकलेला एक बाँब ‘एक्स’ बुरुजावर पडला. तेरा जण ठार झाले. दुरुस्तीसाठी नौका अर्धे जग ओलांडून पोर्ट्समथला गेली आणि १९४४ पर्यंत तेथे राहिली. तेथे ‘एक्स’ बुरूज कायमचा काढून त्याऐवजी विमानविरोधी तोफा बसवण्यात आल्या, कारण तोवर क्रूझरला खरा धोका शत्रूच्या तोफांपेक्षा विमानांकडून अधिक होता. याच दुरुस्तीच्या काळात, जून १९४३ मध्ये, नौकेच्या तळाशी स्फोट होऊन चौदा कामगार मृत्युमुखी पडले. लढाईच्या वर्णनांत या माणसांचा उल्लेख सहसा येत नाही. तो यायला हवा असे मला वाटते.

पुढे १९४५ मध्ये ती पॅसिफिकमधील ब्रिटिश ताफ्यात होती, १९४६ मध्ये ब्रिटिश नौदलाकडे परत गेली, आणि ५ जुलै १९४८ रोजी ‘एच.एम.आय.एस. दिल्ली’ या नावाने भारताच्या नौदलात दाखल झाली. २६ जानेवारी १९५० पासून ती ‘आय.एन.एस. दिल्ली’ झाली. म्हणजे भारताकडे आली तेव्हाच तिच्यावर ए, बी आणि वाय हे तीन बुरूज आणि सहा तोफा होत्या. आपल्याला जी विसंगती वाटली, तीच उलट ओळख पटवणारी खूण आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्लेटच्या लढाईत ज्यांनी ‘अकिलीस’ची आज्ञा केली, तेच पॅरी १९४८ मध्ये भारतीय नौदलाचे प्रमुख झाले आणि १९५१ पर्यंत त्या पदावर होते. ज्या नौकेवर ते जखमी झाले होते, तीच आता त्यांच्या नौदलाची ध्वजनौका होती. असा योग इतिहासात क्वचितच जुळून येतो.

कुलाब्याचा वाचक

वरील माहिती अतिशय उपयुक्त आहे. तरीही ‘तीन बुरूज म्हणजे दिल्ली’ एवढ्यावर थांबू नये. १९५९ मध्ये भारताकडे दोन क्रूझर होत्या आणि दोघींवर तीन-तीनच बुरूज होते.

दुसरी होती आय.एन.एस. म्हैसूर, म्हणजे पूर्वीची ‘नायजेरिया’. ती १९४० मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झाली. ऑगस्ट १९४२ मध्ये माल्टा बेटाला रसद पोचवणाऱ्या मोठ्या तांड्याबरोबर असताना ‘अक्सुम’ या इटालियन पाणबुडीचा टॉर्पेडो तिला लागला होता. भारताने ती विकत घेतल्यावर बर्कनहेडला तिची डागडुजी झाली आणि २९ ऑगस्ट १९५७ रोजी ती ‘म्हैसूर’ म्हणून दाखल झाली. तिलाही मुळात चार बुरूज होते आणि पुढे तीनच राहिले. त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला पुढे दोन व मागे एक अशी अगदी सारखीच मांडणी दिसते, आणि जुन्या कात्रणांत एकीच्या नावाखाली दुसरीचे छायाचित्र छापले जाण्याचा धोका असतो.

ओळखण्याच्या दोन खात्रीच्या खुणा आहेत. ‘दिल्ली’ला एकच रुंद धुरांडे होते, तर ‘म्हैसूर’ला दोन सरळ उभी धुरांडी होती. ‘दिल्ली’च्या प्रत्येक बुरुजात दोन तोफा होत्या आणि ‘म्हैसूर’च्या प्रत्येक बुरुजात तीन. पहिली खूण आपल्या पहिल्या छायाचित्रावर आणि दुसरी खूण दुसऱ्या छायाचित्रावर लावून पाहावी. मागे लिहिलेला मजकूर पुष्कळदा नंतर कधीतरी, आठवणीवर विसंबून लिहिलेला असतो; तोफांची संख्या मात्र तशी बदलत नाही.

राजापूरकर

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. भिंगाखाली पुन्हा नीट पाहिले. पहिल्या छायाचित्रात धुरांडे एकच आहे. दुसऱ्यात आजोबांच्या मागे जो बुरूज आहे, त्यातून दोनच नळ्या बाहेर आलेल्या आहेत. बुरुजाच्या पलीकडे जहाज संपत येऊन लगेच पाणी दिसते, म्हणून तो मागचा बुरूज असावा. गोव्याच्या गोष्टीविषयी कोणी सांगू शकेल का?

वास्कोतून

मी मुरगाव बंदराच्या परिसरातच राहतो आणि त्या दिवसाचा अभ्यास बरीच वर्षे करत आहे, म्हणून हे उत्तर देण्याची जबाबदारी घेतो.

१८ डिसेंबर १९६१ रोजी मुरगाव बंदरात जी पोर्तुगीज युद्धनौका लढली, तिचे नाव ‘अफोन्सो द आल्बुकर्क’. ती १९३४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बांधली गेली होती आणि तिच्यावर १२० मिलिमीटर व्यासाच्या चार तोफा होत्या. तिच्याविरुद्ध गेलेल्या भारतीय नौका म्हणजे ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या फ्रिगेट आणि त्यांच्याबरोबरची ‘कावेरी’. दुपारी बारा वाजल्यानंतर बंदरात गोळीबार झाला, पोर्तुगीज कप्तान आरागाव गंभीर जखमी झाले, आणि मोडकळीस आलेली नौका बांबोळीच्या किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात नेऊन लावण्यात आली. तेव्हा ‘बुडवली’ हा शब्दही पूर्णपणे बरोबर नाही. ती तेथे रुतून राहिली होती, आणि नंतर ओढून मुंबईला नेऊन मोडीत काढण्यात आली.

‘दिल्ली’ त्या दिवशी गोव्यात नव्हती. ती दीवसमोर होती. पहाटे दीवपासून काही मैलांवर ‘वेगा’ या छोट्या पोर्तुगीज गस्ती नौकेशी तिची गाठ पडली आणि ‘दिल्ली’ने तिच्यावर गोळीबार केला, ‘वेगा’ माघारी दीव बंदरात गेली. नंतर सकाळी ‘वेगा’ पुन्हा बाहेर पडली, तेव्हा भारतीय विमानांच्या हल्ल्यात ती नष्ट झाली आणि तिचे तरुण अधिकारी ओलिव्हेरा इ कार्मू मारले गेले. ‘दिल्ली’ने आपल्या सहा इंची तोफांनी दीवच्या किल्ल्यावरही मारा केला. ‘म्हैसूर’ तिकडे दक्षिणेत अंजदीव बेटापाशी ‘त्रिशूल’बरोबर होती, तेथे किनाऱ्यावर उतरलेल्या तुकडीतील सात नौसैनिक धारातीर्थी पडले. विमानवाहू ‘विक्रांत’ या सर्वांपासून दूर, खुल्या समुद्रात होती.

असे असले तरी आपल्या घरातील गोष्ट खोटी आहे, असा निष्कर्ष काढण्याची घाई मी करणार नाही. ‘गोवा मुक्ती’ या एकाच नावाखाली गोवा, दमण आणि दीव या तिन्ही ठिकाणची कारवाई लोक सांगतात, त्यामुळे दीवला शत्रूच्या बोटीवर केलेल्या गोळीबाराची हकिकत घरी सांगताना ‘गोव्यात पोर्तुगिजांचे जहाज’ अशी होणे स्वाभाविक आहे. दुसरी शक्यता अशी, की आजोबा १९५९ मध्ये ‘दिल्ली’वर असले तरी १९६१ मध्ये तेथेच होते असे नाही. ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या दोन्ही नौका १९६० मध्ये नव्याने दाखल झाल्या होत्या, आणि नव्या नौकांसाठी अनुभवी नौसैनिक जुन्या नौकांवरूनच घेतले जात. त्यांची बदली तिकडे झाली असेल, तर घरातील गोष्ट शब्दशः खरी ठरू शकते.

ऑकलंडहून

मी मूळचा साताऱ्याचा, सध्या ऑकलंडमध्ये राहतो. राजापूरकरांचे दुसरे वर्णन वाचून लिहावेसे वाटले.

‘दिल्ली’ १९६९ मध्ये न्यूझीलंडच्या भेटीला आली होती. या देशात ‘अकिलीस’विषयी फार आपुलकी आहे, कारण प्लेटच्या लढाईत तिच्यावरचे अर्ध्याहून अधिक लोक न्यूझीलंडचे होते. ३० जून १९७८ रोजी नौका मुंबईत सेवामुक्त झाली आणि मोडीत काढण्यात आली, तेव्हा तिचा ‘वाय’ बुरूज भारताने न्यूझीलंडला भेट दिला. तो येथे डेव्हनपोर्ट नौदल तळाच्या प्रवेशद्वारापाशी बसवलेला आहे आणि रस्त्यावरून स्पष्ट दिसतो.

भारताकडे आली तेव्हापासून तिच्यावर मागे एकच बुरूज होता, आणि तो ‘वाय’. म्हणून छायाचित्रातील बुरूज खरोखरच मागचा असेल, तर आजोबा ज्या तोफांपुढे उभे आहेत, त्या आज बहुधा येथेच आहेत. आपण ते छायाचित्र येथे ठेवल्यास मी त्याच कोनातून आजचे छायाचित्र काढून पाठवीन. बुरुजावरील झडपा आणि सांधे जुळवून पाहता येतील.

गोदीकाठ

आता राहिला आजोबांच्या बदल्यांचा प्रश्न. त्यासाठी जहाजांच्या नोंदींपेक्षा माणसाच्या नोंदी आधी पाहाव्यात.

नौसैनिकांच्या सेवेची कागदपत्रे मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्प येथील ब्यूरो ऑफ सेलर्स या कार्यालयाकडे असतात. वारसदार म्हणून अर्ज करताना आजोबांचा सेवाक्रमांक, भरतीचे वर्ष आणि आपले नाते सिद्ध करणारी कागदपत्रे जोडावीत. सेवाक्रमांक माहीत नसल्यास निवृत्तिवेतनाच्या पुस्तिकेवर किंवा पदकाच्या कडेवर तो कोरलेला सापडतो का, ते पाहावे. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते कोणत्या नौकेवर किंवा तळावर होते, याची नोंद सेवापत्रकात असते. डिसेंबर १९६१ समोर जे नाव असेल, त्यावर आपल्या प्रश्नाचा निकाल लागेल.

नौकेच्या भारतापूर्वीच्या हालचाली आपल्याला हव्या असल्यास ब्रिटिश युद्धनौकांच्या रोजनिश्या लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात, ए.डी.एम. ५३ या मालिकेत आहेत. त्यांत नौकेची जागा, वेग, हवा आणि नांगर टाकल्याच्या वेळा तासातासाने नोंदलेल्या असतात. वाचायला त्या रुक्ष वाटतात, पण ५ जानेवारी १९४३ सारख्या दिवसाविषयी कोणाच्याही आठवणीपेक्षा मी त्यांवर अधिक विश्वास ठेवीन.

राजापूरकर

पदकांची डबी आईकडे आहे. तिच्याकडून आणवून कडेवरील क्रमांक पाहतो आणि लगेच अर्ज करतो. दोन्ही छायाचित्रे उद्या स्वच्छ करून येथे ठेवतो. सेवापत्रक हाती आले, की डिसेंबर १९६१ समोरचे नाव ‘दिल्ली’, ‘बेतवा’ किंवा आणखी काही, जे असेल ते याच ठिकाणी लिहीन.