वर्गात पॉइंट देऊन देऊन पोरं दुकानदार झालीत, आता काय करू?

भांडुपची_बाई:
मी सहावीला गणित शिकवते, मराठी माध्यम, पट ५४. जूनमध्ये वर्गाला स्मार्ट टीव्ही मिळाला म्हणून हौसेने एक अ‍ॅप लावलं, प्रत्येक पोराचा एक कार्टून राक्षस आणि काही चांगलं केलं की टिंग वाजून पॉइंट. पहिले दोन महिने काय सांगू, गृहपाठ वेळेवर, पाढे पाठ, मधली सुट्टी संपली की वर्ग चिडीचूप. बी.एड.ला मानसशास्त्रज्ञ स्किनरचा उंदीर कळ दाबतो आणि दाणा मिळतो ते घोकून लिहिलेलं, म्हटलं अरे हे खरंच चालतं की.

दिवाळीनंतर सगळं उलटं. परवा एकाला म्हटलं फळा पूस रे जरा, तर डस्टर हातात धरून विचारतो, "बाई, किती पॉइंट?" काल लाइट गेले, टीव्ही बंद, तर अर्ध्या वर्गाने वहीच उघडली नाही. ज्यांचे पॉइंट कमी त्यांनी तर नादच सोडलाय. शेवटी ऋण प्रबलन म्हणून पॉइंट कापून बघितले, एक जण रडला आणि बाकीचे हसले. बंद करू का सगळं?

खडू_डस्टर:
आधी एक खुसपट काढतो, रागावू नका. पॉइंट कापणं म्हणजे ऋण प्रबलन नाही, ती सरळ शिक्षा झाली. ऋण प्रबलन म्हणजे नकोशी गोष्ट काढून घेतली की वागणं वाढतं, उदा. वर्गात पाच गणितं बरोबर आली तर आजचा गृहपाठ माफ. मी स्वतः परीक्षेत उलटं लिहून आलेलो त्यामुळे हे आता मरेपर्यंत विसरणार नाही.

आता मुद्द्याचं. १९५३ ला स्किनर पालक म्हणून मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला आणि त्याला दोन गोष्टी खटकल्या, एक म्हणजे आपलं उत्तर बरोबर की चूक हे पोरांना लगेच कळतच नव्हतं, आणि दुसरं सगळ्यांना एकाच वेगाने हाकलत होते, म्हणजे हुशार रिकामे बसलेले आणि कच्चे घाम गाळतायत. (आपल्याकडे वह्या तपासून मिळतात चार दिवसांनी, तोवर पोरगं प्रश्नसुद्धा विसरलेलं असतं.) त्यावरून त्याने शिकवायचं यंत्र बनवलं, १९५४ ला पिट्सबर्गला दाखवलं. त्यात ना राक्षस ना पॉइंट, छोटा प्रश्न, उत्तर दिलं की लगेच निकाल, मग किंचित अवघड प्रश्न. बरोबर आलं हेच बक्षीस. तुमचा टीव्ही गणिताला लावायचा सोडून तुम्ही शिस्तीला लावलात बाई, तिथे गडबड झाली.

पोरांकडे फोन नसतील तर प्लिकर्स नावाचं अ‍ॅप बघा. प्रत्येकाला एक छापील कार्ड, ज्या बाजूला उत्तराचं अक्षर आहे ती बाजू वर धरायची, तुम्ही फक्त तुमच्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. शेजाऱ्याचं बघून कॉपी पण जमत नाही, कारण प्रत्येकाचं कार्ड वेगळं.

टीवायची_पोर:
सायकॉलॉजीची स्टुडंट आहे म्हणून मध्ये तोंड घालतेय. लाइट गेल्यावर जे झालं ते अगदी पुस्तकातलं आहे, दर वेळी बक्षीस मिळायची सवय असली की ते थांबल्यावर वागणंही पटकन विझतं, कधी मिळतं कधी नाही असं असेल तर जास्त टिकतं. म्हणून एकदम बंद करू नका, हळूहळू विरळ करत न्या.

आणि १९७३ चा तो स्केचपेनचा प्रयोग, बालवाडीतल्या ज्या मुलांना आधीच सांगितलं होतं की चित्र काढलं तर सर्टिफिकेट देऊ, ती नंतर मोकळ्या वेळात बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. ज्यांना न सांगता अचानक दिलं त्यांचं असं झालं नाही. पण हेही बघा की चित्रं काढायला त्या मुलांना मुळातच आवडत होतं. १७ चा पाढा कोणाला आवडतो? त्याला पॉइंट द्या खुशाल, फळा पुसायला नको.

आठ_चारची_स्लो:
मी पालक, शिक्षक नाही. आमच्या शाळेच्या अ‍ॅपवर संध्याकाळी मला मेसेज येतो, "आज वजा १". कशाबद्दल ते नाही. गर्दीत लटकत ते वाचायचं आणि घरी जाऊन चिरंजीवांची उलटतपासणी करायची, तोपर्यंत त्यालाही आठवत नसतं. एवढंच सांगायला आले.

भांडुपची_बाई:
पॉइंट कापणं त्याच दिवशी बंद केलं. राक्षस आता फक्त शुक्रवारी, कोणाला मिळणार ते आधी सांगत नाही.

आज कार्डं वापरली. ३/४ + १/८ किती, चार पर्याय. हजर ४९. वर्गाला एका हाताने सांभाळत दुसऱ्या हाताने फोन फिरवणं हे एक वेगळंच काम आहे, तीन जणांनी कोपऱ्यावर बोट ठेवल्यामुळे त्यांची कार्डं वाचलीच गेली नाहीत. पण टीव्हीवर आकडे आले आणि मी बघतच राहिले, ३१ जणांचं उत्तर ४/१२! वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, झालं. हा धडा मी सप्टेंबरमध्ये संपवलाय, टीव्हीवर ॲनिमेशन दाखवून, टिंग टिंग पॉइंट देऊन.

मग भाकरीचे तुकडे फळ्यावर काढून परत केलं, दुसऱ्या प्रश्नाला चुका ११ वर आल्या. उद्या तिथूनच सुरू. पॉइंट मिळणार का असं विचारलंच दोघांनी, मी ऐकू न आल्यासारखं केलं.