‘क्रमिकीकरण’, ‘रूपांतर’ आणि जावातील ईनम : कोणता शब्द कोठे?

प्रश्न : नाशिकमधील पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी मी जावा या प्रोग्रामिंग भाषेची मराठी टिपणे तयार करत असून ‘सिरियलायझेशन’साठी ‘क्रमिकीकरण’ हा शब्द योजला आहे. उदाहरण बाजार समितीतील कांद्याच्या आवकेचे आहे. पोळ, रांगडा आणि उन्हाळ हे ईनमचे, म्हणजे ठरावीक मूल्यांच्या यादीचे, तीन स्थिरांक आहेत, मात्र एक्सएमएल फाइलमध्ये ‘उन्हाळ कांदा’ असा मजकूर हवा आहे. स्थिरांकाच्या नावात मोकळी जागा चालत नसल्याने हा बदल आपणच लिहावा लागतो. त्यालाही क्रमिकीकरणच म्हणावे का?

उत्तर : माझ्या मते म्हणू नये. ऑब्जेक्टमधील माहिती एकामागून एक लिहून काढणे या अर्थी ‘क्रमिकीकरण’ हा शब्द उत्तम आहे. पण ईनमच्या प्रत्येक स्थिरांकाला शून्यापासून सुरू होणारा ऑर्डिनल, म्हणजे क्रमांकही असतो, आणि ‘ईनमचे क्रमिकीकरण’ असे वाचताच विद्यार्थ्याला फाइलमध्ये तो क्रमांक जातो असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात जेएएक्सबी, म्हणजे जावातील ऑब्जेक्ट एक्सएमएलमध्ये लिहिणारी व त्यातून वाचणारी लायब्ररी, स्थिरांकाचे नाव लिहिते. जावाच्या स्वतःच्या बायनरी सिरियलायझेशनमध्येही नावच लिहिले जाते. यामागचे कारण टिपणात अवश्य द्यावे : क्रमांक लिहिले असते, तर उद्या रांगड्याच्या आधी एखादा नवा प्रकार घालताच जुन्या फाइलींतील रांगडा भलत्याच नावाने वाचला गेला असता.

म्हणून संपूर्ण ऑब्जेक्टच्या लेखनाला ‘क्रमिकीकरण’ आणि एका मूल्याच्या बदलाला ‘रूपांतर’ म्हणावे. आपल्या उदाहरणात प्रत्येक स्थिरांकावर ‘एक्सएमएल-ईनम-व्हॅल्यू’ हे ॲनोटेशन, म्हणजे कोडमध्ये लावायची सूचक खूण, देऊन हवा तो मजकूर नेमता येतो. त्यासाठी वेगळा वर्ग लिहिण्याची गरज नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. परंतु येणाऱ्या फाइलींत कोणी ‘उन्हाळ’, कोणी ‘उन्हाळी’, तर कोणी ‘रब्बी’ लिहितो. हेही रूपांतरच ना?

उत्तर : होय, पण येथे दिशा सांगितल्याशिवाय तो शब्द अपुरा पडतो. ॲनोटेशन एका स्थिरांकाला एकच मजकूर देते, त्यामुळे अशा वेळी ‘एक्सएमएल-ॲडॅप्टर’पासून आपला वर्ग तयार करावा लागतो. त्यातील ‘मार्शल’ ही मेथड ईनमपासून मजकूर बनवते आणि ‘अनमार्शल’ मजकुरापासून ईनम. या दोन्ही एकमेकींच्या हुबेहूब उलट नाहीत : वाचताना तीन शब्द एका स्थिरांकावर येतात, लिहिताना मात्र त्यांपैकी ठरलेला एकच बाहेर पडतो. त्यामुळे ‘उलट रूपांतर’ हा शब्दप्रयोग मला फसवा वाटतो. ‘लेखन-रूपांतर’ आणि ‘वाचन-रूपांतर’ असे जोडशब्द अधिक प्रामाणिक आहेत.

वाचन-रूपांतराला आणखी एक जबाबदारी असते, ती म्हणजे अनोळखी शब्दाचे काय करायचे हे ठरवणे. ‘अनमार्शल’मधून अपवाद (एक्सेप्शन) फेकला तरी जेएएक्सबी २ मध्ये वाचन आपोआप थांबतेच असे नाही, ते फील्ड ‘नल’, म्हणजे रिकामे, राहून काम पुढे जाऊ शकते. चूक थांबवायची असेल, तर अनमार्शलरला, म्हणजे फाइल वाचणाऱ्या ऑब्जेक्टला, चूक आढळताच बोलावला जाणारा स्वतःचा इव्हेंट हँडलर द्यावा आणि त्यातून ‘फॉल्स’ परत करावे.

जाता जाता एक सूचना. जावा ११ पासून जेएएक्सबी जेडीकेमध्ये, म्हणजे जावाच्या मूळ विकाससंचात, समाविष्ट नाही, तेव्हा प्रयोगशाळेतील संगणकांवर ती लायब्ररी स्वतंत्रपणे जोडावी लागेल, असे टिपणात आधीच नमूद करावे.