जपान-इराण : सगळंच अमेरिकेच्या इशाऱ्यावर?

काही जण म्हणतात की जपान इराणच्या तेलाच्या बाबतीत कायम अमेरिका सांगेल तसंच वागत आला, हे अर्धंच खरं आहे. १९५१ला इराणचे तेव्हाचे पंतप्रधान मोसाद्देकनी तेलाचं राष्ट्रीयीकरण केल्यावर ब्रिटिशांनी इराणी तेलाची कोंडी केली होती, तेव्हा १९५३मध्ये इदेमित्सु या जपानी तेल कंपनीने निश्शो मारू नावाचा टँकर गुपचूप इराणच्या अबादान बंदराला पाठवून तेल भरून आणलं, राष्ट्रीयीकरणात जिचं तेल गेलं ती ब्रिटिश कंपनी टोकियोत कोर्टात गेली आणि तिथे हरली! युद्ध हरलेल्या देशातल्या एका खाजगी कंपनीची ही हिंमत, मला तर याचं फार कौतुक वाटतं.

पुढे मित्सुई या जपानी कंपनीने इराणमध्ये बंदर इमामला भलामोठा पेट्रोकेमिकल प्रकल्प घेतला, तो बराचसा उभा राहिला आणि इराणात १९७९ची इस्लामी क्रांती झाली, मग इराक युद्धात बाँब पडले, शेवटी अंग काढून घ्यावं लागलं. इराणमधल्या आझादेगानच्या तेलक्षेत्राचंही तसंच, २००४ला जपानी कंपनीचा करार आणि २०१०ला माघार, तिथे मात्र अमेरिकेचा दबाव होताच.

आणि २०१९ला अमेरिकेच्या निर्बंधांमुळे जपानने इराणी तेल थांबवलं तेव्हा भारतानेही थांबवलंच ना? आपल्या मुंबईत माहुलच्या रिफायनरीत कुठलं तेल येणार हेसुद्धा वॉशिंग्टनच्या निर्णयांवर हलतं, मग एकट्या जपानला नावं ठेवणं मला पटत नाही.