ओटी टेस्टला रंगच येत नाही

फील्डवर्कसाठी पंचगंगेकाठच्या गावात विहिरींचं पाणी तपासायचंय. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकूनही ओटी टेस्टला, म्हणजे ऑर्थोटोलिडिननं पाण्यातला क्लोरीन बघायच्या चाचणीत, पिवळा रंग येत नाही. चुकतंय कुठं?

— टाकून किती वेळ झाला? निदान तासभर थांबा. हजार लिटरला अडीच ग्रॅम ही मात्रा ३३ टक्के क्लोरीनच्या ताज्या पावडरीची. पोत्याचं तोंड उघडं राहून ओल लागली, गोळे झाले, की क्लोरीन उडालेलाच. पूर ओसरल्यावरचं गढूळ पाणी तर क्लोरीन खातंच. आधी हॉरॉक्स चाचणीनं (त्या पाण्याला किती पावडर लागेल ते सांगणारी) मात्रा काढा. ही पायरी बरेचजण गाळतात, कृपा करून गाळू नका.

— रंग दहा सेकंदांत बघा. पंधरा मिनिटांनी दिसतो त्यात संयुक्त (पाण्यातल्या अमोनियासारख्या पदार्थांशी जोडला गेलेला) क्लोरीनही येतो. मोकळा क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम हवा.

— आणि मात्रा काढताना विहिरीतलं पाणी अंदाजानं धरू नका, दोरी सोडून खोली मोजा.