सेकंड इयरला हॉस्टेल सोडायचं का? मी सोडलं होतं, ऐका

लातूरची_लेक:
काल 'रूम नंबर सात' यांनी लिहिलं, की पुण्यात इंजिनिअरिंगला आलेल्यांनी फर्स्ट इयर झालं की हॉस्टेल सोडावं, बाहेर स्वस्तही पडतं आणि पोरं जबाबदार होतात, हॉस्टेलवाल्यांना साधा चहा करता येत नाही. वाचल्यापासून डोक्यात बसलंय म्हणून सविस्तर लिहितेय.

मी सोडलं होतं. चौघींनी मिळून कर्वेनगरला वन बीएचके घेतला, भाडं 16 हजार, म्हणजे प्रत्येकी 4. बाबांना वहीत हिशेब मांडून दाखवला. त्या वहीत काय नव्हतं? डिपॉझिट, एजंटचं एक महिन्याचं भाडं, गाद्या, सिलिंडर, लाइटबिल आणि मे-जूनमध्ये गावी असतानाचं भाडं. दिवाळीनंतर एक जण ड्रॉप घेऊन घरी गेली, तिचा वाटा आम्हा तिघींवर. पाणी सकाळी सव्वासहा ते सात, तेवढ्यात पिंप, बादल्या, पातेली सगळं भरून ठेवायचं. ओरलच्या आदल्या रात्री दोनपर्यंत जर्नल लिहीत बसले, सकाळी माझा नंबर होता नि जागच आली नाही. तिघी बिनअंघोळीच्या कॉलेजला गेलो, त्यातली एक पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. जबाबदारी म्हणता ती ही, आणि त्या सेमला माझा एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला.

रूम_नंबर_सात:
एम-थ्री हॉस्टेलवाल्यांचाही राहतो ताई. मी का लिहिलं ते सांगतो. आमच्या मेसमध्ये सेमचे पैसे आधीच भरून घ्यायचे आणि आठवड्यातून चारदा बटाटा, तोही पाण्यात पोहणारा. फर्स्ट इयरला मला कावीळ झाली तर ऑफिसातून सांगितलं घरी जा. बुलढाण्याला दहा तास एसटीने, उलट्या करत. पुढच्या वर्षी बाहेर राहिलो, तेव्हा ताप आला तर पार्टनरने रात्री दवाखान्यात नेलं, खालच्या काकूंनी मऊ भात दिला. तुमच्या पार्टनर वाईट निघाल्या म्हणून बाहेर राहणंच वाईट?

लातूरची_लेक:
माझ्या पार्टनर वाईट होत्या असं मी म्हटलेलंच नाही, शब्द तोंडात घालू नका.

करवीरची_पोर:
मुलींचं वेगळं आहे हे कोणी बोलणारे की नाही? आमच्या हॉस्टेलला साडेआठला गेट बंद. कॉलेजच्या गाडी बनवणाऱ्या टीममध्ये मी होते, त्यातली मुलं रात्री बारापर्यंत वर्कशॉपमध्ये काम करायची आणि मी आठ वाजता पाना खाली ठेवून निघायचे. दुसऱ्या वर्षी टीमलीड निवडायची वेळ आली तेव्हा 'तुला वेळ देता येत नाही' म्हणाले. मी बाहेर पडले ते या एका कारणासाठी, महाग पडलं तरी. दिल्लीतल्या मुली 2015 मध्ये हॉस्टेलच्या असल्याच वेळेच्या बंधनांविरुद्ध 'पिंजरा तोड' म्हणत रस्त्यावर आल्या त्या उगाच नाही.

पेठेतला_काका:
मी घरमालक म्हणून बोलतो. पोरं रात्री दोनला गच्चीवर वाढदिवस करतात, केक भिंतीला फासतात, खालच्या मजल्यावर माझी 84 वर्षांची आई झोपलेली असते. रंग द्यायला खर्च येतो म्हणून डिपॉझिट कापावं लागतं.

वकिली_शिकतोय:
काका, कापा, पण लिहून कापा. माझे 15 हजार 'पेंटिंग'च्या नावाखाली गेले, आणि पेंटिंग झालंच नव्हतं, नंतर राहायला आलेल्या ज्युनिअरने फोटो पाठवला, माझ्या टेबलाचा डाग तसाच भिंतीवर. तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे राहण्याचा करार, लेखी आणि रजिस्टर्ड पाहिजे, रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची. नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगतो ते ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोरांना हे माहीतच नसतं, 'अकरा महिन्यांचं साध्या कागदावर करू' म्हटलं की सही करून मोकळी होतात.

पेठेतला_काका:
म्हणजे सगळे घरमालक चोर? माझं ॲग्रीमेंट दर वर्षी रजिस्टर होतं, पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही देतो.

वकिली_शिकतोय:
तुमचं होत असेल, मान्य. मला भेटलेल्या तिघांपैकी एकाचंही नव्हतं.

नांदेड_टू_पुणे:
डिपॉझिटपर्यंत पोचता तरी तुम्ही. मी फोन केला की पहिला प्रश्न 'पूर्ण नाव?' आणि आडनाव सांगितलं की रूम 'कालच गेली'. तीच रूम माझ्या मित्राने संध्याकाळी जाऊन बघितली, चावी काकूंच्या हातात. म्हणून मला हॉस्टेल पाहिजे होतं, मेरिट लिस्टवर नाव आलं की आडनाव कोणी विचारत नाही. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध पोरांना राहण्या-जेवणाचे पैसे देणारी सरकारची स्वाधार योजना आहे, 2016-17 पासून, पुण्यासाठी वर्षाला 60 हजार, त्यात राहण्याचे फक्त 20 हजार. महिन्याचे सोळाशेच्या आसपास, त्यात साधी कॉट मिळत नाही. आणि माझा हप्ता आला तेव्हा परीक्षा संपली होती, तोवर मामाने उसने दिले.

पेठेतला_काका:
आडनावाचं चालतं हे मला माहीत आहे. आमच्याच वाड्यात चालतं. मी विचारत नाही, पण शेजाऱ्यांना कधी बोललोही नाही.

रूम_नंबर_सात:
दादा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला दुसऱ्याच दिवशी रूम मिळाली म्हणून सगळ्यांना मिळते असं धरून लिहिलं. 'सोडाच' हा शब्द मागे घेतो. मेसबद्दल लिहिलंय त्यातलं अक्षर मागे घेणार नाही.

लातूरची_लेक:
मेसचं मीही मान्य करते, आमच्याकडे बटाट्याच्या जागी दुधी होता. आणि करवीरच्या पोरी, तुझ्या जागी मी असते तर मीही बाहेर पडले असते. माझ्या धाकट्या भावाचा हॉस्टेलचा फॉर्म सोमवारपर्यंत भरायचाय. नांदेडवाल्या दादा, विद्यार्थी सहाय्यक समितीच्या वसतिगृहात प्रयत्न केला होता का? 1955 पासूनची संस्था आहे, खेड्यातल्या पोरांसाठी, तिथे कमवा आणि शिकाही आहे. केला असेल तर मुलाखतीला काय काय विचारतात ते सांगा, आज रात्री त्याच्यासोबत बसणारे.